कोकण किनाऱ्यावर रात्रीचा मुक्काम कसा ठरवायचा: विदर्भातून गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी

तूर घरात आली, कापसाची शेवटची वेचणी उरकली, की आमच्या आर्णी-दिग्रस पट्ट्यातून दोन-चार गाड्या तरी कोकणाकडे निघतात. परत आल्यावर प्रत्येकाच्या मोबाइलात सूर्यास्ताचे फोटो असतात आणि प्रत्येकाच्या तोंडी रात्रीचे हाल. कुणी साडेनऊला गल्लीबोळात खोली शोधत फिरलं, कुणाची फेरीबोट गेली, कुणाच्या आईला काळोखात ऐंशी पायऱ्या उतराव्या लागल्या, कुणाला बिस्किटं खाऊन झोपावं लागलं.

चूक बहुतेक वेळा एकच असते. आपण किलोमीटर मोजून मुक्काम ठरवतो. सपाट मुलखात ते चालतं, किनाऱ्यावर चालत नाही. तिथं मुक्काम ठरतो उजेडावर आणि खाडीवर. खाली दिलेला क्रम तसाच पाळा. बहुतेक लोक पाचव्या टप्प्यापासून, म्हणजे खोलीचे फोटो बघण्यापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात.

१. आधी वहीवर तास मांडा

यवतमाळहून नांदेडकडे जाताना तासाला साठ-सत्तर किलोमीटर सहज पडतात. तोच हिशेब घेऊन आपण दापोली, गुहागर, मालवणकडं जातो. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर तासाला पंचवीस-तीस धरा, त्याहून जास्त नाही. रस्ता वाडीतून जातो, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं असतात, वळणावर समोरून एसटी आली की कुणाला तरी मागं घ्यावं लागतं. मागं घेण्याची सवय आपल्या ड्रायव्हरांना नसते, त्यात पाच-दहा मिनिटं जातात.

वहीत प्रत्येक दिवसाची एक ओळ लिहा: निघायची वेळ, मोबाइलवरच्या नकाशानं सांगितलेला वेळ, त्याची दीडपट, त्यात प्रत्येक फेरीबोटीमागं एक तास, जेवणाचा एक तास. जी वेळ येईल ती साडेचारच्या पुढं जात असेल, तर मुक्कामाचं गाव अलीकडं ओढा.

साडेचारच का? हिवाळ्यात रत्नागिरीला सूर्य आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरातही सहापर्यंत उजेड असतो. म्हणजे साडेचारला पोचलात तर दीड तास हातात राहतो: खोली बघायला, पटली नाही तर बदलायला, आणि तरीही समुद्रावर सूर्यास्त गाठायला. हा दीड तास म्हणजे तुमची सगळी सोय. तो वाटेत खर्च करू नका.

तपासा: सलग दोन दिवस वहीत सहा तासांहून जास्त गाडी चालवणं दिसतंय का? मग एक गाव गाळा. चार रात्री किनाऱ्यावर असतील तर दोन गावं, प्रत्येकी दोन रात्री. रोज बिछाना बदलण्यात लहान पोरं आणि म्हातारी माणसं दोघंही चिडतात.

२. घाट उजेडी उतरायचा, म्हणून आदला मुक्काम घाटमाथ्याच्या अलीकडं

आपल्याकडून किनारा एका दिवसात गाठायचा विचारच सोडा. वाटेतला मुक्काम हा किनाऱ्यावरच्या मुक्कामाइतकाच महत्त्वाचा, आणि तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

रत्नागिरी, गणपतीपुळे किंवा त्याखाली जायचं असेल तर आपला रस्ता सरळ आहे: यवतमाळ, आर्णी, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आणि मग आंबा घाटानं रत्नागिरी. पहिल्या दिवशी पहाटे निघून तुळजापूर किंवा सोलापूरला थांबा. दोन्हींत अंतर ४५ किलोमीटरच आहे. आई-वडील सोबत असले तर तुळजापूर, म्हणजे दर्शनही होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालं की दुपारच्या आत कोल्हापूर आणि तीन-चारपर्यंत रत्नागिरी.

गडबड होते ती उशिरा निघाल्यावर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा कोल्हापुरात पोचायलाच सायंकाळचे सहा झाले. चुलतभाऊ म्हणाला, "पोचून जातो न बे, एकशेतीसच तं हाय!" ते एकशेतीस किलोमीटर आम्हाला साडेचार तास पुरले. मलकापूर सोडलं तसं धुकं लागलं, घाटात पुढच्या ट्रकचा लाल दिवा सोडून काही दिसेना, मागं दोन पोरांना उलट्या. दुपारी तीननंतर कोल्हापुरात असाल तर तिथंच थांबा. तांबडा-पांढरा खा, झोपा, सकाळी उतरा.

रायगडकडं, म्हणजे मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करायचं असेल तर समृद्धीनं छत्रपती संभाजीनगरपर्यंत, पुढं अहिल्यानगर, पुणे आणि ताम्हिणी घाटानं माणगाव. इथं एकच गोष्ट लक्षात ठेवा: पुण्याच्या अलीकडं, वाघोलीच्या बाजूला मुक्काम करू नका. सकाळी अख्खं पुणं ओलांडण्यात दोन तास जातात. आदल्या रात्रीच शहर ओलांडून चांदणी चौकाच्या पलीकडं, पौड रस्त्याला थांबा.

दापोली-गुहागरसाठी कऱ्हाडला मुक्काम आणि सकाळी कुंभार्ली घाट, चिपळूण.

सावध: पावसाळ्यात घाट बंद होतात. वरंध तर वारंवार होतो. नकाशा बंद घाटही हिरव्या रेषेनं दाखवतो. निघण्याच्या सकाळी घाटाच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोल पंपावर विचारा. ट्रकवाल्यांना ठाऊक असतं.

३. गाव निवडण्याआधी खाडी बघा

आपल्याकडं नदी आली की पूल असतो. किनाऱ्यावर नदी समुद्राला मिळते तिथं खाडी असते, आणि सगळ्याच खाड्यांवर पूल नाहीत. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, गाडीला मात्र फेरीबोटीनं जावं लागतं किंवा आत महामार्गापर्यंत वळसा घालावा लागतो.

उत्तरेकडून दक्षिणेकडं गाडी नेणाऱ्या नेहमीच्या फेऱ्या अशा: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. वळसा म्हणजे काय ते एका उदाहरणानं समजेल. गुहागरहून गणपतीपुळ्याला तवसाळ-जयगड फेरीनं पन्नासेक किलोमीटर पडतात. फेरी चुकली तर चिपळूणला जा, मुंबई-गोवा महामार्गानं निवळी फाट्यापर्यंत या, तिथून पुन्हा समुद्राकडं उतरा. सव्वाशे किलोमीटरच्या वर.

म्हणून नियम साधा आहे: दिवसाचा शेवटचा टप्पा फेरीबोट नसावा. फेरी दुपारच्या आत उरकेल असा दिवस मांडा आणि मुक्काम पलीकडच्या काठावर, धक्क्यापासून तासाभराच्या आत ठेवा. उरकणार नसेल तर अलीकडंच राहा आणि सकाळची पहिली फेरी धरा.

आम्ही एकदा एका धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची बोट पाण्याच्या मध्यावर होती. दोष कुणाचा नाही, आम्हीच वाटेत शहाळी पीत बसलो होतो. पलीकडं आमची खोली होती, पैसे भरलेले. खोलीवरचा दिवासुद्धा दिसत असावा. आम्ही रात्री पावणेबाराला तिथं पोचलो, रस्त्यानं.

फेरीबद्दल आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरीच तीन गोष्टी विचारा. उद्या फेरी चालू आहे का, शेवटची किती वाजता, आणि सुट्टीच्या दिवशी रांग किती लागते. नेटवरचं वेळापत्रक जुनं असू शकतं. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग दोन-दोन फेऱ्या मागं जाते.

४. तारीख पंचांगात बघा

घरात कॅलेंडर असतंच. त्यात तीन गोष्टी शोधा.

पहिली, गर्दी. गणेशोत्सवात अख्खी मुंबई कोकणात उतरते. महामार्ग तुंबतो आणि घरगुती मुक्कामाच्या खोल्यांत मालकांचीच भावंडं, लेकी, नातवंडं असतात. त्या दहा दिवसांत जाऊच नका. शिमग्यातही तसंच, पालख्या घरोघर फिरतात. अंगारकी चतुर्थीला गणपतीपुळे टाळा, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. मालवणजवळ आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तिची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरवतात, त्यामुळं कॅलेंडरात आधी सापडत नाही. त्या दिवसांत मालवण-कणकवलीपर्यंत खोली मिळत नाही. फोनवर "जत्रा कधी आहे?" असं थेट विचारा. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात त्या हंगामात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, त्या छोट्या गावातली घरं शनिवार-रविवारी आधीच भरलेली असतात.

दुसरी, जून. ही खास आपली चूक. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटाकडं उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या नंतर. म्हणून आपले लोक म्हणतात, "पंधरा जूननंतर जाऊ, गर्दी नसते." गर्दी नसते कारण पाऊस असतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस कोकणात उतरतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, समुद्र गढूळ आणि खवळलेला. पाऊस बघायलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मुक्काम समुद्रकाठी घेण्याचं कारणच उरत नाही, सरळ दापोलीत किंवा चिपळुणात राहा.

तिसरी, भरती-ओहोटी. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळ-रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास, आणि तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं. त्याला उधाण म्हणतात. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत हाच हिशेब. अर्ध्या तासाची चूक धरा.

मुक्कामाशी याचा संबंध काय? सायंकाळी पाचला भरती असेल तर किनाऱ्यावर पोरांना खेळायला वाळूच उरत नाही. खाडीकाठची खोली असेल तर ओहोटीला समोर पाणी दिसत नाही, चिखल दिसतो. फोटो काढणारा भरतीलाच फोटो काढतो.

५. फोन करा, आणि हे प्रश्न याच क्रमानं विचारा

आता खोली. शेगावच्या भक्तनिवासाची सवय झालेल्या आपल्या माणसांना वाटतं, गेलं की पावती फाडली, खोली मिळाली. किनाऱ्यावरच्या गावात तसं नसतं. बहुतेक मुक्काम घरगुती: मागं मालकाचं घर, पुढं चार खोल्या, स्वयंपाक घरच्या काकू करतात. आधी फोन लागतोच. राज्य पर्यटन महामंडळाची निवासस्थानं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथं आहेत, ती सुट्टीच्या बऱ्याच आधी भरतात.

पहिला प्रश्न गाडीचा: "बोलेरो अंगणात येते का, की पाखाडी उतरावी लागते?" पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. बागेतली सुंदर घरं बऱ्याचदा तिच्या खाली असतात. गाडी वर रस्त्याला, सामान डोक्यावर. आईच्या गुडघ्यांसाठी हा प्रश्न सगळ्यात आधी.

दुसरा: "समुद्र पायी किती मिनिटं?" किलोमीटर विचारू नका. "बीचजवळच" याचा अर्थ गाडीनं दहा मिनिटं असाही होतो. खिडकीतून समुद्र दिसतो असं सांगितलं असेल, तर कुठल्या खिडकीतून ते विचारा. आम्हाला एका ठिकाणी समुद्र दिसला तो न्हाणीघराच्या झरोक्यातून, स्टुलावर चढून.

तिसरा, जेवण. यात आपले लोक सगळ्यात जास्त उपाशी राहतात. गेल्या वेळी फोनवरच्या काकूंनी मला स्पष्ट सांगितलं:

"अहो, सात वाजले की गावात सामसूम. रात्रीचं जेवण हवं असेल तर दुपारी बारापर्यंत माणसं सांगा. मासळी तेव्हाच घ्यावी लागते."

"काकू, आमच्यात तिघं माळकरी आहेत जी. त्यांचं वेगळं होईल का?"

"भांडी वेगळी हवीत की नुसती भाजी वेगळी?"

हा प्रश्न त्यांनी विचारला हे बरं झालं, मी विचारला नसता. घरातले थोरले ज्या चुलीवर मासे शिजले तिथलं खात नसतील, तर ते आधीच सांगा. शुद्ध शाकाहारी घरगुती खानावळी दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळ्याला सहज मिळतात. अशी मंडळी सोबत असली तर मुक्काम तिथंच धरा. ज्वारीची भाकर मिळेल ही आशा सोडा, तांदळाची मिळेल. ठेचा घरून न्या.

चौथा, रात्रीची झोप. पंखा इन्व्हर्टरवर आहे का? मच्छरदाणी किंवा खिडकीला जाळी आहे का? "कूलर आहे का" असं विचारू नका. आपल्या कोरड्या हवेत कूलर गारवा देतो. तिथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, नुसती ओल वाढते. मार्च ते मे जायचं असेल तर एसीवर खर्च करा, बाकी कशावरही कमी करा.

पाचवा: संडास कुठल्या पद्धतीचा, खोलीला लागून की बाहेर. लाजू नका.

सावध: आगाऊ पैसे मागितले तर थोडेच द्या, तेही बोलणं झाल्यावर. नेटवर नावाजलेल्या ठिकाणांच्या नावानं खोटे क्रमांक टाकून पैसे उकळणारे आहेत. संशय असेल तर व्हिडिओ कॉलवर खोली आणि अंगण दाखवायला सांगा. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो. पूर्ण रक्कम लगेच भरा, नाहीतर खोली जाईल, अशी घाई करणाऱ्याला नमस्कार करा.

तपासा: घराचं ठिकाण मोबाइलवर मागवून घ्या आणि तो भाग नकाशात ऑफलाइन उतरवून ठेवा. शेवटच्या पाच किलोमीटरला नेटवर्क जातं. सगळ्या मोठ्यांची आधार कार्डं एका पिशवीत. रोख रक्कम सोबत, कारण नेटवर्क नाही तिथं मोबाइलनं पैसे जात नाहीत. टाकी महामार्गावर किंवा तालुक्याच्या गावात भरूनच किनाऱ्याकडं वळा.

६. दुसरं गाव आधीच ठरवा

प्रत्येक रात्रीसाठी एक राखीव गाव वहीत लिहा, शक्यतो खाडीच्या याच बाजूचं आणि तालुक्याचं: दापोली, गुहागर, श्रीवर्धन, देवगड, मालवण. तिथं लॉज असतात, उशिरापर्यंत जेवण मिळतं, दवाखाना असतो. दुपारी दोनला गाडी थांबवून वहीतली ओळ बघा. तासाभराहून जास्त मागं असाल तर लगेच मूळ घरी फोन करून सांगा आणि राखीव गावाकडं वळा. हा निर्णय दोनलाच घ्यायचा. सहाला घेतला तर गाडीत भांडण होतं.

घरात कुणाला रक्तदाबाचा, साखरेचा किंवा दम्याचा त्रास असेल तर राखीव गावच मुख्य मुक्काम करा. समुद्र अर्ध्या तासावर असला तरी चालतो.

७. पोचल्यावरची पंधरा मिनिटं

सामान उतरवण्याआधी एकट्यानं खोलीत जा. नळ सोडून बघा, पंखा लावा, गादी हातानं दाबून ओल तपासा, खिडकी लागते का बघा. काही खटकलं तर आत्ताच बोला, बॅगा उघडल्यावर बोलायला संकोच वाटतो. रात्रीचं जेवण किती वाजता, ते पुन्हा विचारून घ्या.

गाडी वाळूवर नेऊ नका. कडक दिसणारी वाळू भरतीला खालून भुसभुशीत होते, मग ट्रॅक्टर शोधावा लागतो आणि तोवर पाणी चाकाशी आलेलं असतं. बऱ्याच गावांत तसंही वाळूवर गाडी न्यायला बंदी आहे.

पाण्यात उतरण्याआधी घरच्यांना विचारा: इथं कुठवर जायचं, कुठल्या बाजूला जायचं नाही. पैनगंगेच्या डोहात उड्या मारलेली आपली पोरं समुद्राला भीत नाहीत, आणि समुद्राचा ओढ डोहासारखा नसतो. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. खाडीच्या मुखाशी कधीच नको, ओहोटी सुरू असताना तर मुळीच नको.

सायंकाळी काकूंना सकाळच्या चहाची वेळ सांगा आणि उद्याच्या फेरीची चौकशी करा. मग पंचांगातली तिथी बघा, पाऊणपट करा, आणि पोरांना सांगा सकाळी किती वाजता उठायचं. ओहोटीला ओल्या वाळूवर शिंपले मिळतात, आणि ते वेचून होईपर्यंत घावणे तयार होतात.